नाशिकची तांबडी वाइन
महाराष्ट्रातील नाशिक जिल्ह्यात पिकणाऱ्या काळ्या द्राक्षांचा रस सालींसह आंबवून तयार केलेले मद्य. बहुतेक काळ्या द्राक्षांचाही रस रंगहीन असतो. वाइनला तांबडा रंग व तुरटपणा येतो तो मुख्यतः सालीतील रंगद्रव्यांमुळे व टॅनिनांमुळे. म्हणून सालीची जाडी, फळाची पक्वता आणि पक्वतेच्या काळातील हवामान यांवर वाइनचे स्वरूप अवलंबून असते. नाशिक, दिंडोरी व निफाड हे तालुके या उद्योगासाठी प्रसिद्ध आहेत.

प्रदेश व हंगाम : हा प्रदेश समुद्रसपाटीपासून सु. 600 मी. उंचीवर, बेसाल्ट खडकाच्या पठारावर आहे. पाऊस प्रामुख्याने जून ते सप्टेंबरमध्ये पडतो. हिवाळा कोरडा व रात्री थंड असतात. युरोपात द्राक्षवेल हिवाळ्यात पाने गाळून सुप्तावस्थेत जाते व वर्षातून एकदाच बहरते. महाराष्ट्रात थंडी तेवढी कडक नसल्याने वेलीला ही विश्रांती मिळत नाही, म्हणून बागाईतदार छाटणीने तिचे वर्ष आखून देतो. एप्रिलच्या सुमारास केलेल्या खरड छाटणीनंतर नव्या काड्या येतात व त्यांच्या डोळ्यांत पुढील घडांची निर्मिती होते. सप्टेंबर-ऑक्टोबरमधील गोडी छाटणीनंतर प्रत्यक्ष घड बाहेर पडतात. डोळे एकसारखे फुटावेत म्हणून त्यांना हायड्रोजन सायनामाइड लावतात. तोडणी साधारणतः जानेवारीअखेर सुरू होऊन मार्चपर्यंत चालते.

युरोपातील फळ शरद ऋतूच्या वाढत्या गारव्यात पिकते. नाशिकचे फळ उन्हाळा जवळ येत असता पिकते. उष्णता वाढली की साखर चढते, पण अम्लता झपाट्याने उतरते. तोडणी लांबल्यास वाइन जड व बेचव होते. यासाठी द्राक्षे रात्री किंवा पहाटे तोडून लगेच कारखान्यात आणतात.

जाती : तांबड्या वाइनसाठी शिराझ, कॅबर्ने सोव्हिन्याँ व झिनफँडेल या जाती येथे लावतात. ग्रनाश या जातीचे उदाहरण उद्‌बोधक आहे. स्पेन व दक्षिण फ्रान्समध्ये रुजलेली ही वेल ऊन, वारा व पाण्याचा ताण सोसते. रोन खोऱ्यातील शातोनफ-द्यु-पाप येथे दिवसा तापणारे गोटे आणि मिस्त्राल हा कोरडा वारा यांच्या सान्निध्यात तिचे उत्पन्न मर्यादित राहते आणि जोमदार, बहुधा 14 टक्क्यांहून अधिक अल्कोहॉल असलेली तांबडी वाइन मिळते. मात्र तिची साल पातळ असल्याने पाणी व खत मुबलक मिळून पीक वाढले, की रंग फिका पडतो. नाशिकमध्ये ग्रनाशपासून गुलाबी वाइन तयार करण्यात आली आहे. जात तीच असली, तरी प्रदेशानुसार तिचा उपयोग बदलतो.

निर्मिती : देठ काढून फोडलेली द्राक्षे पोलादी टाक्यांत, तापमान सु. 25° ते 30° से. राखून आंबवतात. वर तरंगणाऱ्या सालींच्या थरावर रस पुनःपुन्हा फिरवितात. किण्वनानंतर साली दाबून वेगळ्या काढतात; मॅलिक अम्लाचे लॅक्टिक अम्लात रूपांतर झाल्यावर वाइन सौम्य होते. निवडक वाइन ओकच्या पिंपांत मुरवितात.

उद्योग : राज्य शासनाने 2001 मध्ये द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर करून करसवलती दिल्या, विंचूर (जि. नाशिक) व पलूस (जि. सांगली) येथे वाइन उद्याने उभारण्यात आली. कारखाने वाढले, तशी लागवडही वाढली. परंतु 2008–09 मधील मंदी आणि नोव्हेंबर 2008 मधील मुंबईवरील दहशतवादी हल्ल्यानंतर घटलेले पर्यटन यांमुळे खप घसरला. अनेक कारखान्यांनी द्राक्षखरेदी कमी केली किंवा थांबविली. वाइनचे द्राक्ष लहान, बियांचे व जाड सालीचे असल्याने ते खाण्यासाठी अथवा बेदाण्यासाठी सहसा खपत नाही. साहजिकच अनेक बागाईतदारांनी वेली उपटून किंवा कलम करून खाण्याच्या जाती घेतल्या. वेल पुरेशा पिकावर येण्यास दोन-तीन वर्षे लागतात. मागणी मात्र एका हंगामात ओसरू शकते. या विषमतेचा भार मुख्यतः बागाईतदारावर पडतो. म्हणूनच लागवडीपूर्वी खरेदीचा करार निश्चित असणे हे या शेतीत मातीच्या निवडीइतकेच महत्त्वाचे आहे.