कुराणात काय, कलमात काय

डिसेंबर १९४८, पॅरिस. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क जाहीरनाम्यातलं अठरावं कलम सौदी अरेबियाच्या घशाखाली उतरत नव्हतं. श्रद्धेचं स्वातंत्र्य एकवेळ ठीक, पण त्यात धर्म बदलण्याचा हक्कही होता. (सौदीची बाजू मांडणारे जमील बारूदी मूळचे लेबनॉनचे ख्रिश्चन होते, ही एक गंमतच.) कलमाच्या बाजूने उभे राहिले पाकिस्तानचे परराष्ट्रमंत्री जफरुल्ला खान, आणि तेही कुराणाचा हवाला देत. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा: श्रद्धा ठेवायची की नाही हे कुराणाने माणसावर सोडलं आहे, आणि आमचा धर्म इतरांना आपल्यात बोलावणारा, मग तोच हक्क इतर धर्मांनाही मान्य करायला हवा. पाकिस्तानने बाजूने मत दिलं, सौदी तटस्थ राहिला.

या विषयावर आपल्याकडे दोन तयार उत्तरं मिळतात. ‘धर्म सोडला की मुंडकं उडवतात’ हे एक आणि ‘इस्लाममध्ये असलं काही नाहीच’ हे दुसरं. दोन्ही उत्तरं देणाऱ्याच्या सोयीची आहेत.

गैरसमज: धर्म सोडणाऱ्याला मृत्युदंड ही कुराणाची आज्ञा आहे.

नाही. कुराणात धर्म सोडणाऱ्याची कडक निर्भर्त्सना आहे, परलोकातल्या शिक्षेचा इशारा आहे; पण इहलोकात त्याला कोणती शिक्षा द्यायची हे सांगितलेलं नाही. उलट दुसऱ्या सूरेतली २५६वी आयत धर्माच्या बाबतीत जबरदस्ती नाकारते.

गैरसमज: मग ती शिक्षा इस्लामी नाहीच.

असं म्हणणाऱ्यांना हजार वर्षांचं धर्मशास्त्र गुंडाळून ठेवावं लागतं. बुखारींच्या हदीससंग्रहात धर्म बदलणाऱ्याला ठार करा असं सांगणारं प्रेषितांचं वचन आहे, आणि त्याच्या आधारे चारही सुन्नी मजहबांनी, म्हणजे धर्मशास्त्राच्या परंपरांनी, मृत्युदंड मान्य केला; शिया शास्त्रींनीही. चारांपैकी हनफींनी त्यातून बाईला वगळलं: तिला कैदेत ठेवावं. हा तपशील बोलका आहे. बाई लढायला उतरत नाही, असं त्यामागचं कारण दिलं जाई. म्हणजे शिक्षा श्रद्धा गेल्याची होती की फितुरीची? प्रेषितांच्या निधनानंतर, इ.स. ६३२ मध्ये, अनेक टोळ्या फुटल्या, काहींनी जकात हा धार्मिक कर नाकारला आणि खलिफा अबू बक्र यांनी त्यांच्याशी युद्ध केलं. त्या काळात धर्म सोडणं आणि शत्रूला जाऊन मिळणं यांत फारसं अंतर नव्हतं. जावेद अहमद गामिदींसारखे आजचे विद्वानही म्हणतात, की ती शिक्षा त्या काळापुरती होती.

पण विद्वानांचं म्हणणं आणि सरकारचा फास यांत अंतर असतं. सुदानमधले सुधारणावादी विचारवंत महमूद मोहम्मद ताहा यांना जानेवारी १९८५ मध्ये खार्टूममध्ये याच आरोपावरून फाशी दिलं गेलं. ते इस्लाम सोडून गेले नव्हते, त्याचा वेगळा अर्थ लावत होते. सुदानने हा गुन्हा २०२० मध्ये कायद्यातून काढला. तुर्कस्तान, सेनेगल या मुस्लिमबहुल देशांच्या कायद्यात तो नाही.

गैरसमज: पाकिस्तानचा ईशनिंदा कायदा थेट शरियतमधून आला.

त्याचा सांगाडा इंग्रजी आहे. १८६० च्या दंडसंहितेत धर्मविषयक गुन्ह्यांचं प्रकरण होतंच. १९२७ मध्ये लाहोर हायकोर्टाने प्रेषितांवर टवाळ पुस्तिका काढणाऱ्या एका प्रकाशकाला सोडलं, कारण तेव्हाच्या कलमात तो गुन्हा बसत नव्हता. सरकारने त्याच वर्षी कलम २९५-अ आणलं. ते आपल्याकडेही आहे. भारतीय न्याय संहितेत आता त्याचा क्रमांक २९९. झिया उल हक यांच्या काळात, १९८६ मध्ये, पाकिस्तानने त्यापुढे २९५-क जोडलं: प्रेषितांच्या निंदेला मृत्युदंड.

त्यात आसिया बीबी सापडल्या. जून २००९, पंजाबातल्या शेखूपुरा जिल्ह्यात बायका शेतात फालसा तोडत होत्या. आसियांनी पाणी आणलं. ख्रिश्चन बाईच्या हातचं पाणी पिणार नाही, असं दोघी म्हणाल्या. (पाण्याचा हा वाद आपल्याला नवा नाही.) बाचाबाची झाली आणि काही दिवसांनी तिचं ईशनिंदेच्या फिर्यादीत रूपांतर झालं. २०१० मध्ये फाशीची शिक्षा. त्यांची बाजू घेणारे राज्यपाल सलमान तासीर यांना त्यांच्याच अंगरक्षकाने गोळ्या घातल्या. सुप्रीम कोर्टाने ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी आसियांना निर्दोष सोडलं. या कलमाखाली पाकिस्तान सरकारने आजवर एकालाही फाशी दिलेली नाही. या प्रकरणात फासावर गेला तो तासीर यांचा मारेकरी. जमावाने मारलेल्यांचा हिशेब वेगळा.

आणि पाकिस्तानातले बहुतेक सुन्नी ज्या मजहबाचे, त्याच्या इमामांचं, अबू हनिफांचं मत काय? प्रेषितांची निंदा केली म्हणून बिगरमुस्लिम प्रजाजनाला ठार मारता येत नाही. तो इस्लाम मानत नाही हे त्याहून मोठं, आणि ते तर आपण आधीच चालवून घेतलेलं आहे.

गैरसमज: मुस्लिम जगात धर्माविरुद्ध बोलण्याची कुणाची छातीच झाली नाही.

अकराव्या शतकातला सीरियाचा अंध कवी अल-मअर्री सगळ्याच धर्मांची खिल्ली उडवायचा. त्याच्याकडे शिष्य दुरून शिकायला यायचे. १०५७ मध्ये तो म्हातारपणी आपल्याच गावी वारला. गावात त्याचा पुतळा होता. त्याचं डोकं उडवलं गेलं ते २०१३ मध्ये, जिहादी गटांकडून. सहनशीलता काळाबरोबर वाढतच जाते, असं धरून चालणाऱ्यांनी हा क्रम लक्षात ठेवावा.

गळचेपीला दर वेळी सरकारच लागतं असंही नाही. जमातीतून बहिष्कृत करण्याविरुद्ध मुंबई सरकारने १९४९ मध्ये कायदा केला. दाऊदी बोहरांच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने तो १९६२ मध्ये रद्द केला, धर्मगुरूंच्या धर्मस्वातंत्र्याचा आधार घेऊन. ज्याला वाळीत टाकलं त्याच्या स्वातंत्र्याचं काय, हा प्रश्न साठ वर्षांनंतर त्याच कोर्टाने मोठ्या पीठाकडे सोपवला.

जफरुल्ला खान अहमदिया पंथाचे होते. ज्या देशाच्या वतीने ते पॅरिसमध्ये बोलले, त्याने १९७४ मध्ये घटनादुरुस्ती करून अहमदियांना बिगरमुस्लिम ठरवलं. १९८४ च्या वटहुकमानंतर त्यांनी स्वतःला मुस्लिम म्हणवणं हाच गुन्हा झाला, तीन वर्षांपर्यंत कैदेचा. त्यांच्याच जमातीतले भौतिकशास्त्रज्ञ अब्दुस सलाम यांची कबर रबवाहला आहे. दगडावर ‘पहिले मुस्लिम नोबेल विजेते’ अशी अक्षरं होती. अधिकाऱ्यांनी त्यातला ‘मुस्लिम’ पुसायला लावला. आता तिथे ‘पहिले’ आणि ‘नोबेल’ यांच्या मधे मोकळी जागा आहे.