जमिनीचा पट्टा आणि माणसाचा दर्जा

अमेरिका म्हटले की आपल्यापुढे स्वातंत्र्य, समता आणि संविधान उभे राहते. पण तेथील सुरुवातीचा वसाहती समाज कशावर उभा राहिला? उत्तर सरळ आहे : जमिनीवर आणि तंबाखूच्या शेतीवर.

१६०७ साली इंग्रजांनी व्हर्जिनियात जेम्सटाऊन वसविले. जमीन पोव्हाटन आदिवासींची होती. पुढे तंबाखूला इंग्लंडात भाव मिळाला. हे पीक तीन-चार वर्षांत जमिनीचा कस संपविते. म्हणून सतत नवी जमीन हवी, राबणारे हातही हवेत. १६१८ साली कंपनीने नियम केला की, स्वखर्चाने एक माणूस आणील त्याला ५० एकर. म्हणजे ज्याच्याकडे पैसा त्याच्याकडे माणसे आणि ज्याच्याकडे माणसे त्याच्याकडे जमीन! नदीकाठी मळेवाल्यांचे राज्य झाले.

अँथनी जॉन्सन हा गुलामीत आलेला आफ्रिकन पुढे स्वतंत्र झाला. याच नियमाने १६५१ साली त्याला २५० एकर मिळाली. तो मेल्यावर १६७० साली ज्यूरीने निवाडा दिला : हा काळा, म्हणून परका, त्याची जमीन सरकारजमा! १७०५ च्या कायद्याने तर गुलामालाच स्थावर मालमत्ता ठरविले आणि त्याची गुरेढोरे जप्त करण्याची तरतूद केली. जमीन कसणाराच कायद्याने जमिनीसारखी वस्तू झाला!

आम्हाला या इतिहासात महारवतन दिसते. दोन व्यवस्था एकच नव्हेत. पण जमिनीच्या आधाराने माणसाला बांधण्याची रीत ओळखीची आहे. वतनाच्या तुकड्यासाठी आमच्या बापजाद्यांनी अख्ख्या गावाची आणि सरकारची चाकरी केली. म्हणूनच बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन बिल मांडले. १९५८ च्या कायद्याने ही वतने संपली, जमिनी फेरदेण्याची तरतूद झाली. कलेक्टरच्या पूर्वपरवानगीशिवाय त्या हस्तांतरित होऊ नयेत, अशी अटही घातली गेली.

तरीही किती जमिनी आमच्या हाती राहिल्या? वकिली करताना आम्ही साध्या कागदावरचे अंगठे पाहतो, तेव्हा जॉन्सनची मुले आठवतात. त्यांच्या बाजूने कायदाच नव्हता. आपल्या बाजूने कायदा आहे, पण कागद वाचणारा नाही.

बांधवांनो, जयंतीच्या वर्गणीइतक्याच तत्परतेने सातबारा आणि फेरफार काढा. ते वाचा, मुलांना वाचायला शिकवा. जमीन गेली की गावातला आवाजही जातो.