वाऱ्याची वीज आणि व्यापाऱ्याचा हिशेब

नरखेड तालुक्यात संत्र्याच्या बागांना पाणी देणारे विद्युत पंप ज्या जाळ्यावर चालतात, त्याच जाळ्यात सातारा, सांगली आणि धुळे जिल्ह्यांतील पवनचक्क्यांची वीजही मिसळते. या विजेचा भारतातील आरंभ मात्र समुद्रकिनारी झाला. १९८६ मध्ये रत्नागिरी, गुजरातमधील ओखा आणि तामिळनाडूतील तुतिकोरिन येथे प्रत्येकी ५५ किलोवॉटच्या पवनचक्क्या उभ्या राहिल्या. पुढे साताऱ्यातील वणकुसवडे पठारासारख्या उंच जागी या उद्योगाचा मोठा विस्तार झाला.

पवनचक्कीच्या पात्यांचा आकार विमानाच्या पंखासारखा असतो. वारा त्यांवरून वाहताना निर्माण होणाऱ्या दाबातील फरकामुळे पाती फिरतात. ही गती संथ असते. अनेक यंत्रांत गिअरपेटी ती वाढवून जनित्राला देते आणि वीज तयार होते. वाऱ्यातील फार तर ५९.३ टक्के ऊर्जाच यंत्राला घेता येते. ही मर्यादा जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट बेट्झ यांच्या नावाने ओळखली जाते.

व्यापारी कुटुंबाने ध्यानात ठेवावा असा नियम निराळाच आहे. वाऱ्यातील ऊर्जा त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग सेकंदाला ६ मीटरऐवजी ५ मीटर असेल, तर ऊर्जा सुमारे ५८ टक्केच उरते. जागेच्या निवडीतील लहानशी चूक ताळेबंदात मोठी दिसते ती यामुळे.

एकेकाळी अनेकांनी पवनचक्की घेतली ती घसाऱ्यासाठी. एक कोटीच्या यंत्रावर पहिल्याच वर्षी ८० टक्के घसारा मिळे. ३० टक्के दराने २४ लाखांचा कर त्या वर्षापुरता वाचे. वस्तुतः ती करमाफी नव्हे. कर पुढे ढकलला जाई. २०१२ मध्ये ही सवलत थांबली, २०१४ मध्ये परतली आणि २०१७ पासून ४० टक्क्यांवर आली. सवलत सरकारच्या हाती असते. वारा कोणाच्याच हाती नसतो.

एक मेगावॉटचे यंत्र वर्षभरात क्षमतेच्या २५ टक्के चालले, तर २१ लाख ९० हजार युनिट वीज देते. २० टक्के चालले, तर १७ लाख ५२ हजार. महाराष्ट्रात वाऱ्याचा मुख्य हंगाम पावसाळ्याचा. तेव्हा चार महिन्यांच्या आकड्यांवरून वर्षाचे उत्पन्न मांडू नये. विक्रेत्याच्या माहितीपत्रकाआधी वर्षभराच्या वाऱ्याची नोंद, जुन्या यंत्राची मीटरची बिले आणि वीजखरेदीचा करार मागावा. कर्जाचा हप्ता घसाऱ्यातून फिटत नाही, विकलेल्या युनिटांतून फिटतो.