हादरा न बसू देणारे हात

108च्या ॲम्ब्युलन्सवर चालकाला पायलट म्हणतात. जळगावहून धुळ्याला पेशंट नेताना मी पायलटच्या शेजारी बसलो होतो. बांभोरीला गिरणेचा पूल ओलांडला की गाडी सुसाट सुटेल असं वाटलं होतं. तसं झालं नाही. मागे कंबरेचं हाड मोडलेला माणूस होता. गतिरोधक दिसला की पायलट बऱ्याच आधी वेग उतरवायचे आणि पुढचं चाक उंचवट्यावर चढताना ब्रेक मोकळा सोडायचे. ब्रेक दाबलेलाच राहिला तर गाडीचं नाक खाली जातं, स्प्रिंगा आधीच दबलेल्या असतात आणि सगळा हादरा स्ट्रेचरला बसतो. मधूनच आरशात सलाईनच्या बाटलीकडे नजर. ती फार झुलली की वेग आणखी कमी. "डॉक्टर, खड्डा!" अशी हाक गेली की मागे डॉक्टर स्ट्रेचरचा दांडा घट्ट धरत. एरंडोल गेलं, पारोळा गेलं. पोटातलं पाणी हलू द्यायचं नाही, एवढाच ध्यास.

या कामाला दंडातली ताकद नव्हे, हाताची जाण लागते. पहिल्या महायुद्धात बायकांनी ते दाखवून दिलं. 1914 साली एल्सी नॉकर ही परिचारिका आणि 18 वर्षांची मेरी चिझम बेल्जियमला गेल्या. दोघींनाही मोटारसायकलचं वेड. आघाडीवरचे जखमी त्या ॲम्ब्युलन्सने इस्पितळात आणत. कित्येक सैनिक वाटेतच दगावतात, हे एल्सीच्या ध्यानात आलं. आधी सावरल्याशिवाय त्यांना या प्रवासाचे धक्के सोसत नव्हते. मग खंदकांच्या अगदी मागे, पेरवाइझ गावातल्या एका तळघरात, दोघींनी उपचारकेंद्र थाटलं. माणूस आधी स्थिर करायचा, मग गाडीत घालायचा. आजही हाच शिरस्ता आहे. गाडी हाकायची ती चिखलातून, तोफगोळ्यांनी फोडलेल्या रस्त्यावरून. 1918च्या विषारी वायूच्या हल्ल्यापर्यंत त्या तिथे टिकल्या.

दुसऱ्या महायुद्धात, 1942 साली, आपल्याकडेही सैन्याला साहाय्य करणारं महिलांचं दल उभं राहिलं. टेलिफोन आणि कचेऱ्यांबरोबर मोटारीही त्यांच्या हाती आल्या.

हे सगळं खानदेशापासून दूरचं नाही. 7 मे 2025च्या देशव्यापी नागरी संरक्षण सरावाच्या यादीत भुसावळचं नाव होतं. मोठं रेल्वे जंक्शन आणि आयुध निर्माणी जिथे आहे, ते गाव अशा यादीत येणारच. वेळ आलीच तर जखमी याच रस्त्याने जळगावला, धुळ्याला न्यावे लागतील, कदाचित ब्लॅकआउटमध्ये. आज पेशंटला गाडीपर्यंत आशाताई आणते, वॉर्डात सिस्टर सांभाळते. स्टिअरिंगवर मात्र बाई क्वचितच दिसते, आणि ते मला खटकतं. एसटीने बायकांच्या हाती बस दिली आहे. पुढच्या भरतीत रावेर, चोपडा, साक्रीच्या मुलींनाही ॲम्ब्युलन्सचं प्रशिक्षण द्यावं. स्टेपनी बदलणं, ऑक्सिजनचा सिलिंडर जोडणं तर शिकवावंच. शिवाय रात्री, हेडलाइट झाकून, याच खड्ड्यांतून गाडी काढण्याचा सराव करून घ्यावा.