कोरड्यातून ओलं

नगर जिल्ह्यात युरियाचं पोतं कुणाला नवं नाही. संगमनेरकडे कुक्कुटपालन करणाऱ्यांना कोलीन क्लोराइडही ठाऊक असतं. कोंबड्यांची वाढ नीट व्हावी, यकृतात चरबी साचू नये म्हणून ते खाद्यात मिसळतात. दोन्ही पदार्थ पांढरे आणि घन. शुद्ध युरिया वितळतो 133 अंश सेल्सिअसला, तर कोलीन क्लोराइड तब्बल 302 अंशांना.

आता प्रयोगशाळेतले शुद्ध नमुने घेऊ : 140 ग्रॅम कोलीन क्लोराइड, 120 ग्रॅम युरिया. 80 अंशांवर ठेवून ढवळत राहायचं. पाण्याचा थेंबही घालायचा नाही. एवढ्याशा उष्णतेत दोघांपैकी एकानेही वितळायचं कारण नाही. तरी पूड ओलसर दिसू लागते, गोळा सैल पडतो आणि शेवटी भांड्यात उरतो स्वच्छ, दाट, पारदर्शक द्रव! तो निवू द्या. खोलीच्या तापमानालाही तो गोठत नाही. या मिश्रणाचा गोठणांक आहे फक्त 12 अंश.

एक 302 चा, दुसरा 133 चा. मग हे 12 आले कुठून?

ब्रिटनमधल्या लेस्टर विद्यापीठात अँड्र्यू अ‍ॅबट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 मध्ये हे मिश्रण जगासमोर मांडलं. अशा द्रवांना आज ‘डीप युटेक्टिक सॉल्व्हंट’ म्हणतात. मिसळल्यावर गोठणांक खाली येतो, हे तसं आपल्याही ओळखीचं. जुन्या पॉट आइस्क्रीमच्या बादलीत बर्फावर जाडं मीठ टाकायचे ते याचसाठी. बर्फ वितळतो शून्याला, मीठ 801 अंशांना, पण योग्य प्रमाणात एकत्र आले की उणे 21 अंशांपर्यंत द्रव टिकतो. युरिया आणि कोलीन क्लोराइडची घसरण मात्र फारच खोल आहे.

कारण समजायला लेझमीचं पथक डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक जण आपल्या जागी, रांगा आखीव. घन स्फटिकातले कण असेच शिस्तीत उभे असतात. कोलीन क्लोराइडच्या रांगेत एक कण आहे कोलीनचा, अंगाने मोठा आणि बेढब. दुसरा आहे क्लोराइडचा, लहान आणि ऋण प्रभाराचा. आता या रांगांत युरियाचे रेणू शिरतात आणि आपल्या हायड्रोजनच्या टोकांनी क्लोराइडचा हात धरतात. एका क्लोराइडमागे दोन युरिया! युरियाची स्वतःची रांगही त्यामुळे मोडते. कुणालाच मूळ जागी परतता येत नाही. नवे बंध कण एकमेकांना सोडू देत नाहीत, पण पुन्हा रांगेतही उभं राहू देत नाहीत. विस्कटलेली, तरी एकमेकांना धरून असलेली ही गर्दी म्हणजेच आपला द्रव.

त्याचं एवढं कौतुक कशाला? कारण रसायनशास्त्राचं मोठं दुखणं द्रावकात आहे. औषध असो वा रंग, अभिक्रिया घडवायला काहीतरी पातळ माध्यम लागतं आणि कारखान्यात वापरल्या जाणाऱ्या मालात बहुतेकदा त्याचंच वजन मोठं भरतं. क्लोरोफॉर्म, टोल्युइन यांसारखी नेहमीची द्रावकं हवेत उडतात. कामगारांच्या फुप्फुसांत जातात, काही पेटही घेतात. आपला हा द्रव जवळजवळ उडतच नाही. त्याचे घटक स्वस्त आहेत आणि मातीत विघटनही पावतात.

महाराष्ट्रात हे फार लवकर हेरलं गेलं. मुंबईत माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेतले सचिन फडतरे आणि गणपती शंकरलिंग यांनी 2010 मध्ये याच जोडीचा वापर करून रंगनिर्मितीत लागणाऱ्या एका रेणूवर ब्रोमीन चढवलं. अशा कामात एरवी उडून जाणारी द्रावकं किंवा तीव्र आम्लं वापरावी लागतात. इथे त्यांचं काम एका सौम्य द्रवाने केलं.

आणि आपल्या उसाचं काय? 1950 मध्ये विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी लोणीजवळ प्रवरानगरला आशियातला पहिला मानला जाणारा सहकारी साखर कारखाना उभा केला, तेव्हापासून हा जिल्हा उसाचा. एक टन ऊस गाळला की पाव टनाहून थोडा जास्त ओला बगॅस उरतो. तो बॉयलरमध्ये जळतो, वाफ आणि वीज देतो. पण त्या चिपाडात सेल्युलोजचे धागे आहेत आणि त्यांना घट्ट चिकटवणारं लिग्निन आहे. कागद, इथेनॉल किंवा नवी रसायनं हवी असतील तर आधी हे दोघं वेगळे करायला हवेत, आणि लिग्निन सहजासहजी सोडत नाही.

2012 मध्ये नेदरलँड्समधल्या आइंडहोवनच्या संशोधकांनी दाखवलं, की दह्याला आंबटपणा देणारं लॅक्टिक आम्ल कोलीन क्लोराइडसारख्या जोडीदाराबरोबर मिसळलं की तयार होणारा द्रव लिग्निन विरघळवतो आणि सेल्युलोजला जवळपास हात लावत नाही! अशा द्रवात चिपाड तापवायचं, धागे गाळून घ्यायचे, उरलेल्यात पाणी ओतायचं. लिग्निन खाली बसतं. पाणी उडवलं की द्रावक पुन्हा कामाला तयार.

अडचणी आहेतच. हे द्रव मधासारखे दाट, त्यामुळे पंपाला जड. पाणी उडवायला इंधन लागतं. शिवाय कुठलीही जोडी आपोआप निरुपद्रवी ठरत नाही, प्रत्येक घटक तपासावा लागतो. म्हणून बगॅसची ही वाट अजून मुख्यतः प्रयोगशाळेतच आहे.

पण निसर्गाने ही युक्ती आपल्याआधीच वापरली असेल तर? 2011 मध्ये लायडन विद्यापीठातल्या यंग हे चोई, रॉबर्ट फरपोर्ट आणि सहकाऱ्यांनी असा तर्क मांडला, की वनस्पतींच्या पेशींत पाणी आणि तेल यांच्याखेरीज अशा मिश्रणांचा तिसराच द्रव असावा. पेशीत साखर, सेंद्रिय आम्लं आणि कोलीन मुबलक असतातच. रुटिन नावाचं वनस्पतीतलं रंगद्रव्य पाण्यात जेमतेम विरघळतं, पण अशा काही मिश्रणांत त्याच्या 50 ते 100 पट विरघळलं. पाणी आटल्यावरही काही वनस्पती तग कशा धरतात, याचं उत्तर इथे असेल का? पर्जन्यछायेतल्या आपल्या जिल्ह्याला हा प्रश्न जवळचा वाटायलाच हवा.

लायडनच्या या संशोधकांच्या मिश्रणांतलं एक त्रिकूट तर विलक्षण आहे : ग्लुकोज, फ्रुक्टोज आणि आपली उसाची साखर, समान रेणूंच्या प्रमाणात. तिन्ही कोरडे पदार्थ, पण किंचित पाण्याच्या मदतीने त्यांचा एक द्रव होतो आणि तो दुसऱ्या पदार्थांना विरघळवतो. साखर कशात विरघळते, हे आपण लहानपणी शिकलो. साखरेत काय काय विरघळतं, हे शोधायला जगात आत्ता कुठे सुरुवात झाली आहे. हा शोध घ्यायला साखरेच्या जिल्ह्याइतकी योग्य जागा दुसरी कोणती?