तोच घाट, वेगळा महिना : आबालाल रहिमान यांची निसर्गचित्रं

निसर्गचित्रासमोर उभं राहिलं की आपण बहुधा विचारतो, ‘हे ठिकाण कुठलं?’ आज आपण दुसरा प्रश्न विचारून पाहू : ‘हा महिना कुठला?’ कोल्हापूरचे आबालाल रहिमान समजून घ्यायचे तर हाच प्रश्न उपयोगी पडतो.

आबालालांच्या घराण्यात कुराणाच्या हस्तलिखित प्रती तयार करण्याचा व्यवसाय होता. त्यांनी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिक्षण घेतलं, पण ते मुंबईत रमले नाहीत, कोल्हापूरला परतले. राजर्षी शाहू महाराजांचा आश्रय त्यांना लाभला. पंचगंगेचा घाट, रंकाळा, कोटितीर्थ हा पायी फिरता येईल एवढा टापू त्यांना आयुष्यभर पुरला.

एवढासा टापू कसा पुरतो? कारण तो वर्षभर एकसारखा राहतच नाही. पंचगंगेला पाणी येतं ते सह्याद्रीतून. आषाढात ती गढूळ, तांबूस होते, घाटाच्या पायऱ्या गिळते. आश्विनात पाणी निवळतं, दीपमाळा पुन्हा मोकळ्या होतात. रंकाळ्यातला संध्यामठ तर पावसाळ्यात पाण्याखाली जातो आणि पाणी उतरलं की वर येतो. म्हणजे दगडी इमारत हीच तिथली ऋतूची खूण!

इथे आपल्या दर्शनांमधला एक जुना वाद आठवतो. नैयायिक म्हणतात, काल पाहिलेली वस्तू आज ‘तीच ही’ म्हणून ओळखू येते, याअर्थी ती टिकून आहे. बौद्ध म्हणतात, तसं नाही. दिव्याची ज्योत क्षणोक्षणी नवी असते, साम्यामुळे आपल्याला ती एकच वाटते. निसर्गचित्रकाराला या दोघांनाही सांभाळून घ्यावं लागतं. घाटाच्या रेषा म्हणतात, ‘तोच हा’. पाण्यावरचा उजेड म्हणतो, ‘हा क्षण पुन्हा नाही.’

आबालालांनी हे साधलं ते रंग ठेवण्याच्या पद्धतीतून. रंग घोटून एकजीव न करता छोट्या छोट्या फटकाऱ्यांनी शेजारी शेजारी ठेवायचे, मग दुरून पाहणाऱ्याचा डोळाच ते जुळवतो. म्हणून त्यांचं नाव घेताना अभ्यासकांना युरोपातले दृक्‌प्रत्ययवादी आठवतात. पण हवेतला ओलावा आणि संध्याकाळचं विरघळणारं ऊन मात्र अस्सल कोल्हापूरचं आहे.

१९२२ साली शाहू महाराज गेले. त्या दुःखात आबालालांनी आपली असंख्य चित्रं कोटितीर्थाच्या पाण्यात सोडली, असं सांगतात. १९३१ साली ते स्वतःही गेले. ही कथा ऐकताना आपण त्यागाने भारावतो. नुकसान नेमकं काय झालं, हे मात्र पाहायचं राहून जातं. व्यक्तिचित्रांतलं एखादं हरवलं तर एक चेहरा जातो. एकाच परिसराची, वेगवेगळ्या ऋतूंतली चित्रं हरवली तर मागे राहिलेल्या चित्रांचाही अर्थ उणावतो. कालनिर्णयाची दोनच पानं भिंतीवर उरावीत, तसं. मग आपण त्यांना नुसती ‘सुंदर देखावे’ म्हणतो आणि पुढे सरकतो.

कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात त्यांची काही चित्रं आहेत. तिथे गेलात तर ठिकाण ओळखण्याची घाई करू नका. पाणी किती चढलंय, उजेड कुठून येतोय, झाडं कोरडी आहेत की भिजलेली, एवढं पाहा आणि महिना सांगायचा प्रयत्न करा. उरलेल्या पानांवरून वर्षाचा अंदाज बांधणं, एवढं तरी आपल्या हाती आहे.