जयपूरचे चांदीचे रांजण आणि एक सागरसफर

जयपूर हे वाळवंटाच्या उंबरठ्यावर वसलेले नगर. समुद्र तेथून शेकडो मैल दूर. तरीही एका आगबोटीच्या प्रवासाचे अत्यंत भव्य स्मृतिचिन्ह पाहावयाचे असेल, तर याच नगरात जावे लागते. तेथील राजवाड्याच्या दिवाण-ए-खासमध्ये चांदीचे दोन प्रचंड रांजण ठेवलेले आहेत. प्रत्येकाची उंची सुमारे ५ फूट ३ इंच असून वजन सुमारे ३४५ किलो आहे आणि त्यात जवळजवळ ४,००० लिटर पाणी मावते. सुमारे १४,००० रुपये वितळवून एकेक रांजण कोठेही डाक न लावता घडविला, असे सांगतात. चांदीची जगातील सर्वांत मोठी भांडी म्हणून गिनेस बुकात त्यांची नोंद आहे.

हे रांजण आगबोटीवर का चढले, ही कथा त्यांच्या चांदीहून मोलाची आहे. सम्राट सातवे एडवर्ड यांच्या राज्यारोहणाचे निमंत्रण १९०२ साली महाराजा सवाई माधोसिंह दुसरे यांना आले. महाराज निष्ठावंत वैष्णव होते. आणि समुद्र ओलांडला की धर्म बुडतो, अशी त्या काळची समजूत. निमंत्रण नाकारणे कठीण आणि स्वीकारणेही तितकेच कठीण! अखेर ‘ऑलिम्पिया’ नावाची आगबोट संपूर्ण भाड्याने घेण्यात आली. ती नवीकोरी असल्यामुळे तिच्यावर निषिद्ध अन्न कधी शिजलेले नव्हते. बोटीवर गोपाळजींच्या मूर्तीची स्थापना झाली आणि रांजणांत गंगाजल भरण्यात आले. मे महिन्यात मुंबईहून निघताना सागराची पूजा करण्यात आली. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण करणाऱ्या कोळी बांधवांना या पूजेत नवल वाटले नसते. पुढे सम्राटांच्या आजारपणामुळे २६ जूनचा समारंभ ९ ऑगस्टपर्यंत लांबला, आणि तितके दिवस महाराजांचा मुक्कामही परदेशात वाढला.

ही धास्ती केवळ राजघराण्यापुरती नव्हती. आपल्या आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये वैद्यकीय शिक्षणासाठी कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या, तेव्हा त्यांनाही हाच प्रश्न विचारला गेला. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असे त्यांनी भरसभेत सांगितले. त्यांच्यापाशी ना भाड्याची आगबोट होती, ना चांदीचे रांजण. त्यांच्या प्रवासाची साक्ष देतात ती त्यांची पत्रे. जयपूरचे रांजण आणि ही पत्रे एकाच काळाची कथा सांगतात. फरक आहे तो केवळ ऐपतीचा.

जुन्या प्रवासी जहाजांच्या वस्तू जमविण्याचा छंद पाश्चात्त्य देशांत चांगलाच रुजला आहे. भोजनाच्या छापील याद्या, सामानावरील चिठ्ठ्या, डेकचे नकाशे, कंपनीचे चिन्ह असलेली कपबशी अशा वस्तू हौसेने सांभाळल्या जातात. जहाज बांधणारे कारखाने मालकांच्या कचेरीसाठी जहाजांच्या हुबेहूब प्रतिकृती करवून घेत. त्यांना तर विशेष मान आहे. याचे कारण उघड आहे. मोठ्या जहाजाचे आयुष्य बहुधा पंचवीस-तीस वर्षांचे. मग ते मोडीत निघते आणि मागे उरतात त्या एवढ्याच वस्तू. एअर इंडियाची जेट विमाने १९६० मध्ये उडू लागली आणि त्यानंतर मुंबईच्या बॅलार्ड पिअरवरून विलायतेस जाणाऱ्या प्रवाशांची गर्दी हळूहळू ओसरली.

आपल्याकडेही असा ठेवा पुष्कळ घरांत असू शकतो. आजोबांच्या पत्र्याच्या ट्रंकेवर चिकटलेली जहाजाची चिठ्ठी, एडनहून किंवा पोर्ट सैदहून धाडलेले चित्रकार्ड, कोकणच्या बोटीचे जुने तिकीट, अशा वस्तू आवराआवरीत रद्दीत जातात. त्यांना राखण्यास खर्च मुळीच लागत नाही. ट्रंक धुऊन चिठ्ठी काढू नये. फाटलेल्या कागदास चिकटपट्टी लावू नये. ती काही वर्षांत पिवळी पडून कागदही खराब करते. कागद सपाट, कोरड्या आणि अंधाऱ्या जागी ठेवावेत. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कोण गेले, कोणत्या साली, कोणत्या बोटीने आणि कशासाठी, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून वेगळ्या कागदावर लिहून वस्तूसोबत ठेवावे.

गंगाजलाची आणि ‘ऑलिम्पिया’ची हकीकत कोणी सांगितली नसती, तर जयपूरचे रांजण म्हणजे केवळ श्रीमंतीचे प्रदर्शन ठरले असते. आज त्यांच्यापुढे उभे राहणाऱ्या मुलांना, एका पिढीला समुद्र ओलांडण्यासाठी मनाची केवढी तयारी करावी लागली, हे उमगते. घरातील जुन्या तिकिटाशेजारी चार ओळी लिहून ठेवल्या, तर तेही आपल्या नातवंडांना असेच काही सांगू शकेल.